वजन उतरलं, कातडी उरली: बॉडी कॉन्टूरिंगची वेळ कशी ठरवायची

चाळीस-पन्नास किलो वजन उतरवलेल्या माणसाचं सगळे कौतुक करतात. कपड्यांच्या आत काय चाललंय ते मात्र त्याचं त्यालाच ठाऊक असतं. पोटाची कातडी मांडीपर्यंत ओघळलेली असते, दंडाखालची लोंबते, छाती उतरलेली असते आणि चालताना मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात. जून उजाडला की पोटाच्या घडीखाली खाज, लाल चट्टे आणि वास सुरू होतो. विरार किंवा कर्जत लोकलमध्ये तास-दीड तास घामानं भिजून उभं राहणाऱ्याला हा त्रास रोजचा आहे.

मुंबईत बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचं, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचं, आता नवल राहिलेलं नाही. २०२५ मध्ये माउंजारो (टिर्झेपटाइड) आणि वेगोवी (सेमाग्लुटाइड) ही वजन कमी करणारी इंजेक्शनंही भारतात आली. त्यामुळे उरलेल्या कातडीचं काय करायचं, हा प्रश्न आता घरोघरी यायला लागला आहे. ही सैल कातडी काढून शरीर नीट आकारात आणणाऱ्या शस्त्रक्रियांना बॉडी कॉन्टूरिंग म्हणतात. बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "कुठे करू आणि खर्च किती?" माझ्या मते पहिला प्रश्न "कधी करू?" असा हवा. तोच सर्जन, तीच शस्त्रक्रिया, पण शरीर तयार नसताना केली तर जखम उसवते, पाणी साचतं, महिनोन्‌महिने ड्रेसिंग चालतं. माझं काम वजन कमी करणाऱ्यांच्या आहाराचं. त्यामुळे शस्त्रक्रियेआधीचं वर्ष-दीड वर्ष मी जवळून पाहते आणि पुढचा बराचसा निकाल त्याच काळात लागलेला असतो, असं माझं ठाम मत झालं आहे. तारीख ठरवताना वजनाची वही, रक्ताचा रिपोर्ट आणि घरची व्यवस्था या तीन गोष्टी समोर ठेवायच्या. खाली त्याच क्रमानं, मधल्या इतर पायऱ्यांसह सांगते. शेवटचा निर्णय अर्थातच तुम्हाला तपासणाऱ्या सर्जनचा.

आधी एक गैरसमज दूर करू

कातडी आपोआप आवळेल, तेल चोळलं की घट्ट होईल, अशा आशेवर लोक वर्ष घालवतात आणि पैसेही. कातडीत कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. लठ्ठपणा अनेक वर्षांचा असेल तर हे तंतू ताणून तुटलेले असतात आणि ते पूर्ववत जुळत नाहीत. वय कमी असेल, लठ्ठपणा थोड्याच वर्षांचा असेल, तर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत कातडी थोडी आत येते. वजनं उचलण्याच्या व्यायामानं खालचे स्नायू भरतात आणि दंड-मांड्या बऱ्या दिसतात. पण बेंबीखाली लोंबणारी घडी कुठल्याही क्रीमनं जात नाही. नुसत्या लायपोसक्शननंही जात नाही, कारण त्यात चरबी निघते, कातडी तशीच राहते. उलट ती आणखी सैल दिसू शकते.

पायरी पहिली: वजन थांबू द्या

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया झाली असेल तर त्यानंतर साधारण १२ ते १८ महिने थांबायचं. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढणं) असो वा बायपास (जठर आणि आतड्याचा काही भाग टाळून अन्न पुढे नेणं), बहुतेकांचं वजन या काळात उतरून स्थिरावतं. पण नुसते महिने मोजून भागत नाही. वजन किमान ३ महिने, शक्यतो ६ महिने एकाच जागी राहिलेलं हवं. एकाच जागी म्हणजे दोन-तीन किलोंच्या आत वर-खाली. आहार आणि व्यायामानं वजन कमी केलेल्यांनाही हाच नियम, फक्त त्यांनी सहा महिन्यांचाच आग्रह धरावा.

घाई का करायची नाही, याची दोन कारणं आहेत. वजन उतरत असताना शरीर स्वतःचीच साठवण मोडून खात असतं, त्यात स्नायूसुद्धा येतात. अशा वेळी फूटभर लांबीची जखम भरून काढायला लागणारं प्रथिन आणायचं कुठून? दुसरं कारण साधं आहे. आज पोट घट्ट करून घेतलं आणि पुढे आणखी पंधरा किलो उतरले तर पुन्हा कातडी लोंबणार आणि पुन्हा टेबलावर जावं लागणार. वजन वाढलं तर शिवलेला भाग ताणला जातो, व्रण रुंदावतात.

यासाठी एक वही करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करा आणि लिहा. स्त्रियांनी पाळीची तारीखही लिहावी, कारण त्या दिवसांत अंगात पाणी साठून किलो-दीड किलो वाढतं आणि उगाच धास्ती वाटते. सहा महिन्यांची अशी वही सर्जनपुढे ठेवली की बोलणं नेमकं होतं.

इंजेक्शनवर वजन कमी केलेल्यांसाठी ही पायरी जरा अवघड आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या चाचण्या ६८ आणि ७२ आठवड्यांच्या होत्या, आणि वजन उतरायला वर्षाहून जास्त काळ लागत होता. चार महिन्यांत वीस किलो गेले म्हणजे झालं, असं समजू नका. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचा पाठपुरावा केला तेव्हा वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सरासरी दोन-तृतीयांश भाग परत आलेला दिसला. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा की इंजेक्शन पुढे चालू ठेवायचं आहे की बंद करायचं आहे. बंद करायचं असेल तर आधी बंद करा, वजन टिकतं का ते पाहा आणि मगच सर्जन गाठा. चालू ठेवणार असाल तर भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. या औषधांमुळे पोट उशिरा रिकामं होतं, आणि भूल देताना पोटातलं अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शेवटचा डोस कधी घ्यायचा, आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घ्यायचे का, हे तेच सांगतील. "ते तर फक्त वजनाचं इंजेक्शन आहे" म्हणून लपवू नका.

वजन थांबलं, पण कुठे थांबलं? बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३०च्या खाली असेल तर धोका कमी आणि निकाल चांगला. ३० ते ३५च्या दरम्यान सर्जन माणूस पाहून ठरवतात. ३५च्या वर जखमेचे त्रास आणि रक्ताच्या गाठींचा धोका बराच वाढतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी बीएमआय ३० म्हणजे सुमारे ७७ किलो आणि ३५ म्हणजे सुमारे ९० किलो. १३० वरून ८८वर येऊन थांबलेल्या बाईनं पुष्कळ मिळवलेलं असतं, तिला "अजून दहा किलो उतरवा" म्हणणं मलाही जड जातं. पण ते दहा किलो तिच्या जखमेसाठी असतात.

पायरी दुसरी: रक्त भरू द्या

या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून इथे जरा थांबते.

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर जेवण कमी होतं, आणि बायपासमध्ये तर खाल्लेल्यातलंही पूर्ण शोषलं जात नाही. लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, झिंक आणि प्रथिनं या सगळ्यांत खड्डा पडू शकतो. माणूस हिंडता-फिरता असतो, त्यामुळे कळत नाही. कळतं ते जखम भरायची वेळ आली की.

शस्त्रक्रियेचा विचार पक्का झाला की निदान तीन महिने आधी तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन आणि सगळी रक्तगणना, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), झिंक, थायरॉइड, किडनी-लिव्हरच्या तपासण्या आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी). स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. "आमच्या घरात सगळ्यांचं दहाच असतं" हे ऐकून सोडून देऊ नका. कंबरेभोवतीची कातडी काढताना रक्त जातं, दहावर सुरुवात करणाऱ्याला ते झेपत नाही. अल्ब्युमिन ३.५च्या वर हवं, पण ते ठीक आहे म्हणजे प्रथिनं पुरेशी जातात असं नाही. ताटात काय आहे ते वेगळं तपासावं लागतं.

तीन महिने आधी का, तर लोह भरायला वेळ लागतो. बायपास झालेल्यांना गोळ्या अनेकदा लागू पडत नाहीत, शिरेतून लोह द्यावं लागतं, आणि त्यानंतरही हिमोग्लोबिन वर यायला काही आठवडे जातात. बी-१२चंही तसंच, इंजेक्शन लागू शकतं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, दोन्हींमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. सकाळी उठल्या उठल्या चहा आणि त्यावर लोहाची गोळी हा आपल्याकडचा सर्रास क्रम आहे, आणि त्यात गोळीचा बराचसा भाग वाया जातो.

आता प्रथिनं. रोज ६० ते ८० ग्रॅम तरी पोटात जायला हवीत, शस्त्रक्रियेच्या आगेमागे काहींना जास्तही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, मोठ्या पेलाभर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ६-७, आणि १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५च्या पुढे. मासे खाणाऱ्यांचं काम सोपं आहे: बांगडा, सुरमई, बोंबील, काहीही चालतं, तळण्यापेक्षा कालवण बरं. शाकाहारी घरात मटकीची उसळ, पिठलं, मूग, दही, पनीर हे सगळं दिवसभरात वाटून घ्यावं लागतं, कारण लहान झालेल्या जठरात एका बैठकीत मावत नाही. ताटातलं प्रथिन आधी, भात-पोळी नंतर. तरीही कमी पडलं तर पावडर घ्यायला लाजू नका.

उपासाचं बोलते, कारण तो विषय टाळून मराठी घरात आहाराचं काही सांगता येत नाही. हिवाळ्यात शस्त्रक्रिया ठरवली तर तयारीच्या महिन्यांत श्रावण येतो, मग नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतं. नऊ दिवस साबुदाणा आणि बटाट्यावर काढले तर भरत आणलेला खड्डा पुन्हा पडतो. उपास सोडवत नसेल तर दूध, दही, पनीर, शेंगदाणे आणि राजगिरा यांवर करा. शस्त्रक्रियेनंतरच्या दोन महिन्यांत मात्र मी कुणालाच उपास करू देत नाही. सासूबाई रागावल्या तर मला फोन करायला सांगा, असं मी रुग्णांना म्हणते, आणि काही सासूबाईंनी खरंच केले आहेत.

मधुमेह असेल तर एचबीएवनसी साधारण ७च्या आसपास आणून मगच पुढे जायचं.

पायरी तिसरी: तंबाखू बंद, सगळ्या रूपात

निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. पोटाची कातडी सोडवून खाली ओढून शिवली जाते तेव्हा तिच्या कडेला रक्त आधीच बेताचं पोहोचत असतं. त्यात निकोटिन असेल तर कड काळी पडते, मरते, जखम उघडी पडते. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, सहा आठवडे असतील तर उत्तम. काही सर्जन लघवीतली निकोटिनची तपासणी करूनच दिवस देतात, आणि ते योग्यच करतात.

सिगारेटबद्दल सगळे विचारतात. पण आमच्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका आहेत, ज्यांना "तंबाखू खाता का?" विचारलं तर त्या मनापासून "नाही" म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. चुना-तंबाखू, मावा, व्हेप, हुक्का हेही त्यातच आले. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो आणि खाल्लाही जातो. डॉक्टरांपुढे लाज नको. निकोटिनचं च्युइंगम किंवा पॅच वापरायचा असेल तर तोही विचारून, कारण त्यातही निकोटिन असतंच.

पायरी चौथी: बाळंतपण, हर्निया आणि जुन्या गोष्टी

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. मूल हवं असेल तर पोटाची शस्त्रक्रिया त्यानंतरच ठेवा. टमी टकनंतर (पोटाची सैल कातडी काढून स्नायू घट्ट शिवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर) गरोदर राहता येतं, त्यात बाळाला धोका मानला जात नाही, पण शिवून घट्ट केलेले स्नायू आणि कातडी पुन्हा ताणली जातात. छातीची शस्त्रक्रिया स्तनपान पूर्ण बंद होऊन काही महिने गेल्यावर करावी. दंडांना हे बंधन नाही. "मूल होऊ दे मग बघू" म्हणून सगळंच अडवून ठेवायची गरज नाही.

पोटावर आधीचं काय काय झालंय ते सर्जनला सांगा आणि दाखवा. सिझेरियनचा व्रण बहुधा काढलेल्या कातडीबरोबर निघून जातो. पण पित्ताशयाची जुनी, उघडी शस्त्रक्रिया झाली असेल आणि उजव्या बरगडीखाली तिरका लांब व्रण असेल, तर तिथून खाली येणारा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि पोटाचा बेतच बदलावा लागतो. हर्निया असेल तर तो कातडीच्या शस्त्रक्रियेतच दुरुस्त होऊ शकतो. पटकन वजन उतरलेल्यांना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता जास्त, तेव्हा पोटाची सोनोग्राफी आधी करून घ्या.

चालू औषधांची चिठ्ठी करा. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, हार्मोन्स, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व, काढे, घरगुती चूर्ण, सगळं त्यात हवं. यांतली काही रक्तस्राव वाढवतात, काही रक्तात गाठी करतात. स्वतःच्या मनानं मात्र काही बंद करू नका. आणि बायपास झाला असेल तर ते ठळक लिहा: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो, त्यामुळे नंतर दुखण्यासाठी दुसरी औषधं द्यावी लागतात. प्लास्टिक सर्जन आणि बॅरिॲट्रिक सर्जन वेगवेगळ्या हॉस्पिटलांत असतील, तर हा निरोप पोहोचवायचं काम तुमचंच. झोपेत घोरण्याचा, श्वास अडकण्याचा त्रास होता किंवा आहे, हेही सांगा.

मनाचंही पाहा. वजन उतरूनही आरशात जुनाच माणूस दिसणं बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. नैराश्यावर उपचार चालू असतील, घरात नुकतंच काही मोठं घडलं असेल, तर थांबलेलं बरं. कातडी निघाली की संसार सुधारेल, असं वाटत असेल तर आधी समुपदेशकाशी बोला.

थांबू नये, असेही काही असतात

वरचे सगळे नियम थोडे बाजूला ठेवावे लागतात अशी एक परिस्थिती आहे. पोटाची झालर इतकी मोठी की चालता येत नाही, स्वच्छता राखता येत नाही, घडीत वारंवार जखमा आणि जंतुसंसर्ग होतो. अशा वेळी फक्त ती झालर काढण्याची शस्त्रक्रिया, पॅनिक्युलेक्टमी, लवकर करतात. त्यात पोट सुडौल करणं हा हेतू नसतो. धोका जास्त असतो, पण त्रासही तेवढाच असतो. हर्निया दुखतोय, कडक झालाय, उलट्या होतायत, तर तो तातडीचा प्रश्न आहे. त्या दिवशी अपघात विभागात जायचं.

बाकीच्यांनी थांबण्याच्या काळात घडी कोरडी ठेवायची. अंघोळीनंतर टिपून कोरडं करा, घडीत मऊ सुती कापड ठेवा, ओलं झालं की बदला. पावडरचे थर नकोत, घामात त्याचे गोळे होतात. आणि कृपा करून मेडिकलवाल्याकडून खाजेची ट्यूब आणू नका. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग गजकर्ण पसरतं आणि चिवट होतं, कातडी पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. विम्यासाठी तिचा उपयोग होऊ शकतो.

पायरी पाचवी: आधी काय, नंतर काय

सगळं एकदम करून टाकू, हा हट्ट नको. कागदावर त्रास लिहा आणि क्रम लावा. आधी चट्टे-जखमा, मग चालण्याचा आणि व्यायामाचा अडथळा, मग कपडे, मग दिसणं.

बहुतेकांचं पोट पहिलं येतं. पुढचीच कातडी सैल असेल तर टमी टक, उभी-आडवी दोन्हीकडे सैल असेल तर मधोमध उभा व्रण राहणारी पद्धत, आणि कंबर, पाठ, नितंब सगळं ओघळलं असेल तर कंबरेभोवती पूर्ण फेरा घेणारी लोअर बॉडी लिफ्ट. या शेवटच्या शस्त्रक्रियेनं मांडीची बाहेरची बाजूही वर ओढली जाते, म्हणून मांड्यांचा निर्णय त्यानंतर घ्यावा. दुसऱ्या टप्प्यात साधारण छाती आणि दंड येतात. मांडीची आतली बाजू शेवटी, कारण जांघेतला घाम आणि घर्षण यांमुळे तिथली जखम सर्वांत त्रास देते. दोन टप्प्यांत किमान तीन महिने, माझ्या मते सहा. दुसऱ्या टप्प्याआधी हिमोग्लोबिन पुन्हा तपासायचं.

व्रणांविषयी स्पष्ट बोलून घ्या. दंडाचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत असतो. बिनबाह्यांचं ब्लाउज घालता यावं म्हणून दंड करून घेणाऱ्यांनी दुसऱ्या रुग्णांच्या एक वर्षानंतरच्या व्रणांचे फोटो आधी पाहावेत. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर व्रण काळसर पडतात, काहींचे जाड होतात. लसीचा किंवा कान टोचल्याचा व्रण फुगून वाढला असेल तर ते जरूर सांगा.

पायरी सहावी: सर्जन, हॉस्पिटल आणि पैसा

पाटीवर "कॉस्मेटिक सर्जन" लिहिलेलं पुरेसं नाही. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ती नोंदलेली आहे का, ते पाहा. खूप वजन उतरलेल्यांच्या शस्त्रक्रिया ते नेहमी करतात का, हॉस्पिटलात आयसीयू आहे का, रात्री दोन वाजता ड्रेनमध्ये (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) रक्त दिसलं तर फोन कोण उचलणार, पुन्हा दुरुस्ती लागली तर खर्च कुणाचा, हे विचारायला संकोच नको. यावर चिडणाऱ्या डॉक्टरांकडे मी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर आणि भायखळ्याचं जेजे या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथे भाजलेले, अपघातातले रुग्ण आधी, आणि तसंच असायला हवं. तरी वारंवार होणारा संसर्ग किंवा हर्निया असेल तर बाह्यरुग्ण विभागात जाऊन दाखवा.

विम्याचं नीट समजून घ्या. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेला विमा मिळाला म्हणजे कातडीलाही मिळेल असं नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरलेल्या शब्दांत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. अपवाद दोनच: अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, आणि आरोग्याला असलेला थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी लागणारे उपचार, तेही डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं तर. म्हणून तारखेसह फोटो, त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आणि सर्जनचं पत्र जोडून आधी लेखी मंजुरी मागा. फोनवरच्या "होऊन जाईल"वर विसंबू नका. दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतो, तेव्हा अंदाजपत्रक तो धरून मागा. त्यात भूलतज्ज्ञ, खोली, प्रेशर गारमेंटचे (जखमेच्या भागावर दाब ठेवणाऱ्या घट्ट कपड्याचे) दोन संच आणि ड्रेसिंगही लिहून घ्या. तुमची बुडणारी रजा मात्र तुम्हालाच मोजावी लागेल.

पायरी सातवी: मुंबईचं हवामान पाहून महिना

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे घट्ट प्रेशर गारमेंट दिवसरात्र घालायचं असतं. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात ते अंगावर ठेवणं म्हणजे परीक्षाच, आणि पावसाळ्यात धुतलेलं वाळत नाही, शिवाय पाणी तुंबलं की ड्रेसिंगची फेरी चुकते. शक्य असेल तर नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी निवडा. डिसेंबर गाठायचा तर तपासण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तंबाखू दिवाळीच्या आधी बंद, आणि वजनाची वही जूनपासून. घरात लग्न असेल तर ते उरकून मग, नाहीतर करवली म्हणून राबावं लागेल. पण वजन थांबलेलं नसेल तर केवळ थंडी चुकेल म्हणून घाई करू नका, पुढची थंडी येतेच.

पायरी आठवी: घर लावा

सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. पाण्याची बादली यात येते, आणि दीड-दोन वर्षांचं मूलही. पहाटे पाणी येणाऱ्या चाळीत राहत असाल तर ते कोण भरणार हे आधी ठरवा. भारतीय संडासात उकिडवं बसता येणार नाही, कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते. पोट शिवल्यावर पाठ आणि गुडघे उंच ठेवून झोपावं लागतं, पहिले काही दिवस वाकूनच चालावं लागतं, त्यामुळे जमिनीवरची गादी चालणार नाही. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर घर असेल तर पहिले आठ-दहा दिवस तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे काढा. हात आणि मांड्या एकाच वेळी करून घेणाऱ्याला उठायला हातांचा आधारही घेता येत नाही, हे लक्षात असू द्या.

बैठं काम दोन-तीन आठवड्यांनी, बॉडी लिफ्ट असेल तर चार-सहा आठवड्यांनी. लोकलचा प्रवास त्याहून उशिरा आणि गर्दीची वेळ टाळून. दादरच्या पुलावर पोटात बसलेला एक कोपर टाके उसवायला पुरे आहे.

ड्रेनमध्ये दिवसाला किती पाणी आलं ते वहीत लिहा. साधारण २४ तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आलं की ड्रेन काढतात. दुसऱ्या दिवसापासून, जमलं तर त्याच संध्याकाळी, घरातल्या घरात किंवा वॉर्डात चालायचं, दुखलं तरी. झोपून राहिल्यानं पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते. एकच पोटरी सुजली-दुखली, दम लागला, छातीत दुखलं तर वाट न पाहता हॉस्पिटल, नाहीतर १०८. ताप १०१च्या वर, जखमेची कड काळी, एका बाजूला अचानक फुगवटा, घाण वासाचं पाणी, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका.

जखम पूर्ण बंद झाल्यावर सर्जन सिलिकॉन जेल किंवा पट्ट्या सुरू करतात. त्या काही महिने लावायच्या, व्रणावर ऊन घ्यायचं नाही. लाल-काळसर व्रण फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात आरशासमोर उभं राहून निकाल लावू नका. वजनाची वही मात्र चालूच ठेवा. दुसऱ्या टप्प्याची तारीख मागायला जाल तेव्हा सर्जन पहिल्यांदा तीच मागतील.